पहाटेचं पेट्रोल

थंडीच्या दिवसांत, उजाडायच्या जरा आधी, कार्ब्युरेटरचं जुनं इंजिन सुरू झालं की एक वास येतो. पेट्रोलपंपावरचा वास वेगळा, तो कोरडा, उग्र, नाकात टोचणारा. हा ओलसर असतो, किंचित गोडसर, धुरकट, आणि त्याला गार लोखंडाची एक कडवट कड असते. गाडीच्या मागून तो निघतो, कंपाउंडच्या भिंतीला लागून वळतो आणि उघड्या खिडकीतून पुन्हा आतच येऊन बसतो. शालीला चिकटतो. दुपारी कधीतरी शालीची घडी घालताना तो अचानक भेटतो, आणि हातातलं काम जरा वेळ तसंच राहतं.

इंजिन गार असतं तेव्हा पेट्रोलची नीट वाफ होत नाही. इनटेकच्या थंडगार भिंतींवर ते थेंब होऊन बसून राहतं. मग चोकची झडप हवेची वाट अडवते, मिक्स्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त, इंजिन कसंबसं जागं होतं, आणि त्या गडबडीत थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरवाटे बाहेर पडतं. आताच्या गाड्यांत सेन्सर मोजून घेतात, इंजेक्टर मोजून देतात, आणि उरलंसुरलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निपटून टाकतो. हवेसाठी ते चांगलंच झालं, व्हायलाच हवं होतं. तरी त्या वासातून गाडी आपल्याशी काही बोलत असे. मी अजून गार आहे, एवढ्यात घाई करू नकोस, असं. ते बोलणं आता फार थोड्या गाड्यांत उरलं आहे, आणि त्यांतली एक माझ्या दारात उभी असते.

1997 सालची मारुती झेन. गडद निळी. आधी काकांची होती, मग माझी झाली.

झेन 1993 साली आली तेव्हा आमच्या कोल्हापूरच्या रस्त्यांवर मारुती 800, फियाट आणि अ‍ॅम्बॅसेडर यांचंच राज्य होतं. त्या गर्दीत ही गोलसर, बुटकी, रस्त्याला बिलगून चालणारी गाडी दिसली की माणसं वळून पाहत. आजही तिचे चाहते तिला लाडानं जेलीबीन म्हणतात. भारतात तयार झालेल्या याच गाड्या युरोपात सुझुकी अल्टो या नावानं विकल्या जात, याचा काकांना केवढा अभिमान! इंजिन 993 सीसीचं, चार सिलिंडरचं, सगळं अ‍ॅल्युमिनियमचं. ताकद पन्नास हॉर्सपॉवरच्या आसपास. आजच्या आकड्यांपुढे ते काहीच नाही. पण गाडीचं वजनच जेमतेम पाऊण टन. इतक्या हलक्या अंगाला ती ताकद पुरून उरायची, आणि तिसऱ्या गिअरमध्ये पाय जरा दाबला की मागच्या सीटवर बसलेल्या आम्हा मुलांच्या पोटात जो गोळा यायचा, त्याच्यासाठी आम्ही पन्हाळ्याच्या चढावर काकांना पुन्हा पुन्हा विनवायचो.

काकांच्या गुडघ्यांना क्लच सोसेना तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "रोज चालव. उभी ठेवलीस तर बिघडेल."

मी रोज चालवते.

पॉवर स्टीअरिंग नाही. जागच्या जागी चाक वळवायचं तर खांदे भरून येतात. पण गाडीनं एकदा गती घेतली की तेच स्टीअरिंग हलकं होतं आणि रस्त्याचा कण न् कण तळहातात आणून देतं. आंबा घाटाची खरी चव साखरप्याकडून वर येताना कळते. डावीकडे दरी, उजवीकडे डोंगराचा ओला कातळ, आणि वळणामागून वळण. कुठे डांबर गुळगुळीत आहे, कुठे झाडाखाली ओल धरून आहे, कुठे खडी सांडली आहे, हे डोळ्यांच्या आधी बोटांना समजतं. माझ्या गाडीत फेरे दाखवणारा काटा नाही. गिअर कधी बदलायचा ते कानांनी ठरवायचं. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा सूर चढत जातो, घोगरेपणा सोडून स्वच्छ होतो, एका ठिकाणी तो अगदी भरून येतो, आणि तिथेच हात आपोआप तिसऱ्याकडे जातो. वेग म्हणाल तर ताशी पन्नास. मोठ्या नव्या गाडीत पन्नासला माणूस जांभया देतो. इथे पन्नासला सगळं अंग जागं असतं, कारण तुमच्या आणि रस्त्याच्या मध्ये फार थोडं काही आहे.

या गाडीला आडपडदा नाही. तिला काय होतंय, काय हवंय, ती कुठे दमते आहे, सगळं ती सांगून टाकते. आवाजात सांगते, थरथरीत सांगते, आणि पहाटे त्या वासात सांगते. तिच्याकडे लक्ष द्यावं लागतं, आणि लक्ष देता देता जीव कधी जडला ते कळत नाही.

तिचं अंतरंग मी पाहिलं ते उद्यमनगरात. कोल्हापूरच्या या भागात सकाळपासून लेथ घरघरत असतात. कापलेल्या लोखंडाचा, कूलंटचा आणि चहाचा असा एक मिश्र दरवळ गल्लीभर असतो. तिथे एक मिस्त्री आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणते. त्यांनी पहिल्यांदा कार्ब्युरेटर माझ्यासमोर उघडला ती दुपार मला आजही तशीच्या तशी दिसते. पेट्रोल घातलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये एकेक भाग उतरत गेला: फ्लोट, त्याची बारीकशी सुई, स्प्रिंगा, आणि पितळी जेट. जेट म्हणजे नखाएवढा स्क्रू, मधोमध आरपार बारीक भोक. गाडीनं प्यायचं पेट्रोल त्या एवढ्याशा भोकातून मोजून जायचं. मामांनी तो फडक्यानं पुसला, फुंकला आणि दोन बोटांत धरून उजेडाकडे केला. "बघ," म्हणाले. मी डोळा लावला. पत्र्याच्या छपराच्या फटीतून तिरपं ऊन येत होतं, आणि त्या पितळेच्या काळोखात उजेडाचा एक गोल, स्वच्छ ठिपका उभा होता. त्या ठिपक्याच्या कडेला कचऱ्याचा एक कण जरी असला तरी गाडी मिसिंग करते, चढाला अडखळते, पहाटे सुरू व्हायला कुरकुरते. एवढ्यावर सगळं अवलंबून!

"पोरी, सकाळ सकाळ नुसती रेस मारत बसू नगंस," मामा सगळं जोडताना म्हणाले, "प्लग काळं पडत्यात. हळूहळू तापू दे की तिला."

तेव्हापासून मी पहाटे गाडी सुरू करते आणि नुसती बसून राहते. काच अर्धी खाली. एखादं मिनिट जातं. इंजिनाची थरथर सीटमधून पाठीत येते, मग मऊ होत जाते. तो ओलसर गोड वास आधी दाटतो, मग विरळ होतो, आणि विरून गेला की समजायचं, निघायला हरकत नाही.

झेन आणि तिच्यासारख्या गाड्यांचे वेडे पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाचं वेड निराळं. कुणी मारुतीच्याच एस्टीमचं 1300 सीसीचं इंजिन तिच्यात बसवतो. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली, त्यामुळे ते बसतं, आणि मग ती चिमुकली गाडी अक्षरशः झेपावते. कुणी फ्री फ्लो सायलेन्सर लावतो, कुणी स्प्रिंगा आखूड करून तिला आणखी जमिनीजवळ आणतो. 2003 साली कंपनीनंच तीन दारांच्या, मोजक्याच झेन काढल्या होत्या, काळी ती कार्बन आणि चंदेरी ती स्टील. त्यांतली एखादी दिसली की चाहते रस्त्यात थांबतात. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी हवी, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 तसं सांगतं, आणि ते योग्यच आहे. पाऊण टनाच्या पत्र्याला किती ताकद आणि तिला किती ब्रेक, हा हिशेब कुणीतरी पाहायलाच हवा.

मी जे बदललं ते थोडं. टायर कंपनीच्या मापापेक्षा जरा रुंद घेतले, त्यामुळे ओल्या वळणावर ती अधिक विश्वासानं पाय रोवते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर थोडे कडक घातले. इंजिनाचा आवाज वाढवला नाही, कारण तो भरून येणारा सूर मला जसा आहे तसाच हवा होता. आणि एक काम हौसेनं केलं. स्टीअरिंगचं कव्हर झिजून निसटायला लागलं होतं, तेव्हा मी चप्पल लाईनीत गेले. कोल्हापुरी पायताणं बांधणाऱ्या एका कारागिराकडून बदामी कातड्याचा पट्टा कापून घेतला. त्यानं तो पाण्यात भिजवला, ओला असतानाच चाकावर ताणला आणि आतल्या अंगानं, चपलेच्या पट्ट्याला घालतात तशी वेणी घालत शिवत आणला. कातडं वाळलं आणि चाकाला घट्ट बसलं. सुरुवातीला फिकट होतं. आता माझे हात जिथे असतात तिथे ते गडद, तुळतुळीत झालं आहे, आणि उन्हात गाडी उभी राहिली की पेट्रोलच्या त्या जुन्या वासात कातड्याचाही वास मिसळतो.

पार्ट मिळणं हे मात्र दरवर्षी अवघड होत जातं. ही झेन 2006 साली बंद झाली. पुढे झेन एस्टिलो आली, पण नाव तेवढं तेच, गाडी निराळी. इंजिनाचे भाग अजून सापडतात. सापडत नाहीत ती बारकी बारकी रबरं: दाराची बीडिंग, काचेच्या पट्ट्या, पेडलची टोपणं. आणि आमच्याकडचा पाऊस! एक पट्टी सुटली की पाणी आत शिरतं, मॅटखाली गुपचूप साठतं आणि गंज पत्र्याला धरतो. म्हणून पावसाळा संपला की मी मॅट काढते, गुडघ्यांवर बसून पत्रा हातानं चाचपते, कुठे फोड आला आहे का ते बोटांनी शोधते, तिथे घासून लाल प्रायमर लावते. या कामाला कुणी पाहणारं नसतं, आणि मला ते फार आवडतं.

अलीकडे तिच्या टाकीत एक नवी गोष्ट आली आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आमच्या भागात हे इथेनॉल कुठून येतं ते सांगायला नको. वारणेच्या, पंचगंगेच्या काठानं जाताना दोन्ही बाजूंना उसाचे फड उभे असतात, हंगामात कारखान्यांच्या मळीचा आंबूस वास वाऱ्यावर येतो, आणि त्या मळीतूनच, उसाच्या रसातूनच ते गाळलं जातं. ज्या शेतांच्या मधून गाडी जाते तीच शेतं आता थोडीथोडी तिच्या इंजिनात जळतात. मला ते ऐकून आधी भरून आलं. मग मामांनी पेट्रोलची जुनी नळी काढून हातात दिली; रबर फुगलेलं, आतून चिकट, वाकवलं की चिरा दिसणारं. इथेनॉल ओल धरतं, आणि 1997 सालच्या रबराला त्याची सवय नाही. आम्ही इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घातल्या, गॅस्केट बदललं, जेट पुन्हा एकदा उजेडाला धरून पाहिला. पहाटेचा वासही थोडा बदलला आहे, पूर्वीपेक्षा हलका. माझ्या नाकाला तो फरक कळतो. काळ बदलला की वासही बदलायचेच.

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडीची तपासणी, नोंदणीचं नूतनीकरण, वर पर्यावरण कर. 2022 च्या एप्रिलपासून नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली. मी भरली. लोक विचारतात, एवढ्यात एखादी चांगली गाडी नाही का येणार? येईल की. पण ती मला तिचा जेट दाखवणार नाही.

माझी भाची आता गाडी शिकते आहे. तिच्या आईच्या गाडीत गिअर नाहीत, आणि तिला गिअर हवे आहेत, एवढं कारण मला पुरेसं आहे. मागच्या खेपेला मी तिला उद्यमनगरात नेलं. मामांनी न सांगता प्लग तिच्या हातात ठेवला आणि ती त्याचं टोक न्याहाळत बसली. त्याचा रंग विटकरी असला तर मिक्स्चर बरोबर, काळा असला तर रिच, पांढुरका असला तर लीन, म्हणजे पेट्रोल कमी. तिनं ते एकदाच ऐकलं आणि दुसरा प्लग स्वतःच ओळखला. तेव्हा मला वाटलं, या गाडीवरचं माझं प्रेम वेगासाठी कधीच नव्हतं. माणसानं केलेली एक वस्तू आपलं सगळं काम उघड्यावर करते, पाहणाऱ्याला शिकवते, हात लावणाऱ्याला जवळ घेते. अशा वस्तू आपल्याभोवती थोड्या उरल्या आहेत. त्यांतली एक चालती ठेवणं, आणि ती कुणाला तरी उघडून दाखवणं, हे मला माझं काम वाटतं. 2027 साली पुन्हा नूतनीकरण आहे. तोवर मागच्या दाराखालचा पत्रा नवा घालून घ्यायचा आहे, आणि पोरीला घाट शिकवायचा आहे.