नियमांचा तंटा आणि वाचकाचें पथ्य

गेल्या आषाढांत आमच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला; उजव्याची पाळी अजून यावयाची आहे. मध्यंतरीं संगणकाच्या पडद्यावर वर्तमानपत्र वाचावें, तर अक्षरें इतकीं बारीक व करडीं, कीं दोन ओळींतच डोळ्यांस पाणी यावें. घरांतील मंडळी वाचून दाखवावयास तयार होती. परंतु छत्तीस वर्षें इतरांस वाचावयास शिकविणाऱ्यानें आतां दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहात बसावें, हें आम्हांस रुचेना.

आमचा पुतण्या याच विद्येंतला. पानें उघडून दाखविणारें जें साधन, ज्यास ब्राउझर म्हणतात, त्यांत वाचकास स्वतःचे नियम ठेवण्याची सोय होती. तेथें त्यानें आमच्या वतीनें लिहिलें, कीं सर्व परिच्छेदांचीं अक्षरें मोठीं व काळीं दिसावीं. साधीं पानें तत्काळ वश झालीं. वर्तमानपत्र मात्र बधेना. “काका, त्यांचा नियम तुमच्या नियमाला मारतो,” तो म्हणाला. आम्ही सावरून बसलों. बाध्यबाधकभाव! हा विषय तर आमचा.

त्याच्याकडून समजलें तें असें. पानाचा मजकूर वेगळा आणि त्याच्या वेषभूषेचे नियम वेगळे. हे नियम ‘सीएसएस’ नांवाच्या भाषेंत लिहितात. तिची कल्पना होकोन विउम ली यांनीं १९९४ सालीं मांडली व पहिली प्रमाण आवृत्ति १९९६ च्या डिसेंबरांत निघाली. एकाच परिच्छेदास एक नियम काळा म्हणूं लागला आणि दुसरा करडा, तर ब्राउझर प्रथम पाहातो, कीं नियम कोणाचा. ब्राउझरच्या स्वतःच्या नियमाहून वाचकाचा बलवान्, आणि वाचकाच्या नियमाहून पान रचणाराचा. दोन्ही नियम एकाच धन्याचे असल्यास जो अधिक नेमका तो जिंकतो. ‘सर्व परिच्छेद’ याहून ‘अमुक वर्गाचे परिच्छेद’ हा नियम प्रबळ. आणि एखाद्या घटकास स्वतःचें नांव असेल, तर त्या नांवानें केलेला त्याहूनही प्रबळ. वर्गांचीं अकरा नांवें जोडलीं तरी त्या एका नांवाची बरोबरी होत नाहीं. एवढ्यानेंही तंटा न मिटल्यास मागाहून लिहिलेला नियम खरा.

उत्सर्गास अपवाद बाधतो आणि तुल्यबळांच्या विरोधांत पर नियम प्रवृत्त होतो, हें पाणिनीय परंपरेंत आम्ही लहानपणींच घोकलें होतें. म्हणून या मंडळींनीं तें पाणिनीपासून घेतलें, असा वृथाभिमान आम्ही धरीत नाहीं. नियम पुष्कळ झाले, म्हणजे त्यांच्या तंट्याचा न्याय लावणें कोणासही चुकत नाहीं.

वर्तमानपत्र अद्याप करडेंच होतें, कारण पहिल्याच पायरीवर आम्ही हरलों होतों. तेव्हां पुतण्यानें आमच्या नियमाच्या शेवटीं ‘इम्पॉर्टंट’ ही खूण जोडली. या खुणेनें क्रम उलटतो. दोघांनींही ती लाविली, तरी रचणाराहून वाचकच श्रेष्ठ ठरतो. १९९६ च्या आवृत्तींत असें नव्हतें. तेथें अशा प्रसंगींही रचणाराचीच सरशी होई. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तींत हा क्रम जाणूनबुजून फिरविला. हेतु हा, कीं ज्यांची गरज विशेष आहे, अशा वाचकांच्या हातीं पानाची मांडणी राहावी.

पंगतींत काय वाढावें हें यजमानानें ठरवावें, हा शिष्टाचार. परंतु पाहुण्यानें “मला पथ्य आहे” म्हटलें, म्हणजे यजमानाचा आग्रह तेथेंच संपतो. हा न्याय आम्हांस फार आवडला.

त्या सकाळीं अग्रलेख आम्हीं स्वतः वाचला आणि वाचतां वाचतां एका विद्यार्थ्याची आठवण झाली. मागच्या बांकावरून तो एकदां उठला व “गुरुजी, अक्षर जरा मोठें काढाल का?” असें म्हणाला. फळ्यावरील अक्षर सर्वांस सारखेंच असतें, असें सांगून आम्हीं त्यास खालीं बसविलें. पुन्हां त्यानें कधीं विचारलें नाहीं. वर्गाचा नियम आम्हीं राखला होता. त्याचें पथ्य मात्र ओळखलें नव्हतें.