खालचा कप्पा

दोन वर्षांच्या मुलाला शिकवावयाचे तर विकतची साधने हवीत, असा समज हल्ली घरोघर रूढ झाला आहे. वस्तुतः या वयाची उत्तम पाठशाळा म्हणजे स्वयंपाकघरातील खालचा कप्पा.

आमची नात रोज सकाळी तेथून चार पातेली व चार झाकणे बाहेर काढते. मोठे झाकण लहान पातेल्यावर कसेबसे राहते. पण लहान झाकण मोठ्यावर ठेवले की खणकन् आत पडते. तो खणखणाट हाच तिचा गुरू. १९३९ साली मद्रासला आलेल्या माँटेसोरीबाईंचा आग्रह असे, की मुलाची चूक साधनानेच दाखवावी. आमच्या पितळेच्या भांड्यांत ती सोय आपसूक आहे. मोठ्यांनी फक्त 'असे नव्हे, असे' म्हणण्याचा मोह आवरावा. (चिंचोके, कवड्या मात्र तीन वर्षांपर्यंत दूरच ठेवाव्यात, हाती लागेल ते तोंडात जाते आणि घशात अडकते.)

दुसरा खेळ फुलांचा. कुलदेवी म्हाळसेच्या तसबिरीसाठी आजी फाती गुंफावयास बसली, की नात एकेक फूल तिच्या हाती देते आणि मी मोठ्याने मोजतो. देवीला वाहावयाचे फूल हुंगू नये, म्हणून एक फूल नातीसाठी वेगळे काढलेले असते. आजी म्हार्दोळची, मी बेळगावचा. ती 'जायो' म्हणते, मी 'जाई'. तिने 'उदक' म्हटले काय, मी 'पाणी' म्हटले काय, नात तांब्याकडेच धावते.

मध्यंतरी एका स्नेह्यांनी निदान केले, की मूल कमी बोलते ते या दोन भाषांच्या ओढाताणीमुळे. एक बंद करा. मुलगा व सून घाबरून गेली. पण बंद कोणती करावयाची? आजीची की माझी? या भीतीला आधार नाही. दोन भाषा कानी पडल्याने मूल बोलण्यात मागे पडत नाही, हे अभ्यासकांनी आता पुरेसे दाखविले आहे. शब्द मोजताना मात्र दोन्ही भाषांतले धरावे लागतात, आणि शंका आलीच तर आधी कान तपासून घ्यावेत. आम्ही घेतले. ऐकू उत्तम येते.

मग सुनेने कागद घेऊन आठवडाभर हिशेब मांडला. मराठीचे शब्द २६, कोंकणीचे ३१. 'उदक' आणि 'पाणी' हे एक धरावे की दोन, यावर घरात अद्याप वाद आहे. माझ्या मते दोन.