कानांची कवाडे

(द्वितीय वर्ष, कला)

इचलकरंजीत राहणाऱ्याला शांतता म्हणजे काय, ते वीज गेल्यावरच कळते. या गावात १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला. त्याची वीस नातवंडे आज आमच्या घराच्या भिंतीपलीकडे रात्रंदिवस खडखडत असतात. अण्णा त्यांतलेच माग १२ तासांच्या पाळीने चालवतात, आई कांड्या भरते. अशा घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यात ऐच्छिक विषय घेतला संगीत! शेजारच्या काकू म्हणाल्या, "ह्या खडखडाटात गाणं शिकतीस व्हय?"

सरांनी किशोरी आमोणकर, कुमार गंधर्व यांची ध्वनिमुद्रणे भरून दिली. मावसभावाचा जुना एमपीथ्री प्लेअर मला मिळाला होता. सरांचे सांगणे एकच : "आधी तंबोरा ऐका, मग गाणे." पण तंबोरा ऐकू येईल तर ना!

माझे पहिले इअरफोन १५० रुपयांचे, कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे. बाजूने मागांचा आवाज आत शिरे, म्हणून मी गाणे मोठे करी. एके रात्री प्लेअर बंद केला तरी कानात बारीक शिट्टी वाजतच राहिली. घाबरले आणि दुसऱ्या दिवशी वाचनालय गाठले.

तिथे कळले की, गोंगाटावर गाणे चढवणे हा उपायच नव्हे. बाहेरचा आवाज आत येऊ देऊ नये. मग गाणे हळू लावूनही भागते. याच्या वाटा दोन. एका जातीचे इअरफोन बॅटरीच्या जोरावर बाहेरच्या आवाजाची उलटी लहर काढून तो विझवतात. सलग घुमणाऱ्या आवाजावर ते चांगले चालतात, पण मागाच्या तुटक खटक्यांपुढे कमी पडतात, शिवाय महाग. दुसरी जात साधी. बाटलीला बूच बसावे तशी कानाच्या नळीत बसते.

'कमवा व शिका' योजनेतून साठवलेले ६०० रुपये घेऊन मी दुकानात गेले. दुकानदार 'बेस'चे गुणगान करीत होता. मी मात्र डबीतली बोंडे मोजत होते. लहान, मधले, मोठे, आणि एक जोडी फोमची. बोंड नीट बसले नाही तर कंपनी कोणतीही असो, बाहेरचा गोंगाट आत येतो आणि गाण्यातला खर्ज निसटून जातो. माझ्या डाव्या कानाला लहान बोंड लागते, उजव्याला मधले. १९ वर्षांत हे मला ठाऊक नव्हते! फोमचे बोंड चिमटीत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोंड आत सारायचे आणि ते फुगेपर्यंत धरून ठेवायचे. तसे केले मात्र, माग जणू पलीकडच्या गावाला गेले आणि तंबोऱ्याची जवारी कानाशी झणझणली. अंगावर काटा आला.

त्याच संध्याकाळी आईने अण्णांना जेवायला तीन हाका मारल्या. ते जागचे हलले नाहीत.

वाचलेले आकडे डोळ्यांपुढे उभे राहिले. ८५ डेसिबल आवाज ८ तास सोसावा, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ९१ डेसिबलला फक्त २ तास. मागशाळेत आवाज नव्वदीपलीकडे जातो आणि अण्णा तिथे २५ वर्षे उभे आहेत. कानातल्या बारीक केशपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. टीव्ही मोठा लावतात म्हणून मी त्यांच्यावर किती वेळा चिडले होते! माझ्या कानात एक दिवस शिट्टी वाजली, तर मी वाचनालयात धावले. त्यांच्यासाठी कोण धावले?

दोन कप चहाच्या किमतीत फोमची बुचे मिळतात. इअरफोनचे बोंड ते हेच, फक्त याला भोक नाही. मी जोडी आणून त्यांच्यापुढे ठेवली. ते म्हणाले, "धोटा अडकला, सूत तुटलं, तर मागाच्या आवाजावरनंच कळतंय. कान बुजवून माग चालवायचा व्हय?"

माझ्या पुस्तकांत हे नव्हते. मी म्हटले, "अण्णा, बुचानं आवाज मरत नाही, लहान होतो. एक दिवस घालून बघा."

आठ दिवस बुचे खिशातच राहिली. नवव्या दिवशी पाळीवरून आले आणि म्हणाले, "खटका आयकू येतोय की. डोकं हलकं वाटतंय."

मी आनंदाने माझे इअरफोन आणले, मोठी बोंडे बसवून त्यांच्या कानांत घातले आणि भूप लावला. डोळे मिटून ते बराच वेळ ऐकत राहिले. "बाई लई चांगली गातीया. पण तू म्हणतीस ते मागचं झणझणणं काय आयकू येत न्हाई."

वरच्या पट्टीचे स्वर आधी जातात, हेही मी वाचले होते. आवाज वाढवायला गेलेला हात मी मागे घेतला.

आता सकाळी अण्णांचा डबा भरताना बुचांची जोडी आठवणीने ठेवायची, हे काम माझे. गेले ते परत आणता येणार नाही. उरले आहे ते तरी राखू.