एरंडेलाच्या वासाची शर्यत

विस्कॉन्सिन हे अमेरिकेतले दुभत्याचे राज्य. पण दुधाइतकेच तिथे पाणीही मुबलक. लहानमोठी मिळून पंधरा हजारांवर तळी त्या एका राज्यात आहेत! मिलवॉकीला मुलाकडे मुक्काम असताना त्यांतली दोन मी मुद्दाम पाहिली. एका तळ्यावर एका खेळाचे मूळ सापडले; दुसऱ्यावर तो खेळ आज कसा तग धरून आहे, ते दिसले.

पहिले तळे ओकाउची. ओले एव्हिनरूड हा नॉर्वेहून आलेल्या कुटुंबातला कारागीर विसाव्या शतकाच्या आरंभी इथे सहलीला आला होता, असे सांगतात. बरोबरच्या बेस नावाच्या तरुणीला आइस्क्रीमची लहर आली. भर उन्हात हा वल्ही मारीत पलीकडे गेला. परत येईतो आइस्क्रीमचे पाणी झाले होते. या गोष्टीत तिखटमीठ किती, ते त्या तळ्यालाच ठाऊक! पण ओलेने १९०९ साली विकायला काढलेली मोटर मात्र पक्की खरी. दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड आणि किंमत ६२ डॉलर. होडीच्या मागल्या फळीला बाहेरून अडकवायची, म्हणून ती ‘आऊटबोर्ड’. तिच्या आधीही अशा मोटरी निघाल्या होत्या, पण साध्या माणसाच्या होडीवर चढली ती ही. तोवर ओलेची पत्नी झालेल्या बेसने जाहिरातीतून लोकांना सांगितले की, आता वल्ही फेकून द्या!

दोघा शेजाऱ्यांच्या होड्यांना मोटरी लागल्या, की त्यांची शर्यत लागायला कितीसा वेळ लागणार? प्रचंड मोटरबोटी पळवणे हा लक्षाधीशांचा शौक होता. आऊटबोर्ड पळवणे हा सुतार, गॅरेजवाले आणि कॉलेजची पोरे यांचा. १९३९ साली कार्ल कीकहेफर यांनी याच राज्यातल्या सीडरबर्ग गावी मर्क्युरी मोटरींचा कारखाना सुरू केला. १९५० नंतरच्या दशकात त्यांच्या ‘मार्क २० एच’सारख्या खास शर्यतीच्या मोटरी निघाल्या. आज जुन्या मोटरींचे दर्दी त्यांच्यावर जीव टाकतात.

दुसऱ्या तळ्यावर अशाच दर्दी मंडळींचा मेळा भरला होता. गावाचे नाव सांगत नाही. तिथल्या वृद्धांना पाहुण्यांची सवय नाही. काठावर पोहोचताच नाकाने मला थेट बालपणात नेले. एरंडेल! दर रविवारी आजी नाक दाबून पाजायची तेच. शर्यतीच्या इंजिनांत मिथेनॉलबरोबर वंगण म्हणून एरंडेल घालण्याची जुनी चाल आहे. जगातले बहुतेक एरंडेल आपल्या देशातून, मुख्यतः गुजरातेतून जाते, हे मी सांगितले तेव्हा एका आजोबांनी माझा हात असा दाबला, जणू मीच ते गाळून आणले होते.

या शर्यतीचा थाट निराळा. प्लायवूडची चपटी होडी, तीत बसायचे नाही, गुडघे टेकायचे. एका हाती चक्र, दुसऱ्या हाती वेगाचा दांडा. दांडा सोडला की वेग मंदावतो. जाकिटाला बांधलेली दोरी अशी, की माणूस पाण्यात उडाला तर इंजिन बंद. सगळे जण आधीच होड्या पळवीत येतात आणि घड्याळाचा काटा शून्यावर येताच रेषा ओलांडतात. क्षणभर आधी ओलांडली, तर सारी मेहनत पाण्यात!

पण काठावरचे चेहरे मोजले आणि मन चरकले. बहुतेक सत्तरीच्या पुढचे. एव्हिनरूड मोटरी बनणे २०२० साली थांबले. जुन्या मोटरींचे सुटे भाग दुर्मिळ, आणि त्या जुळवण्याची विद्या पुस्तकात कमी, या म्हाताऱ्यांच्या बोटांत जास्त. नवख्याने शिरायचे कुठून?

यावरून मंडळींत दोन तट आहेत. एक म्हणतो, प्रत्येक स्क्रू त्या काळचाच हवा. दुसरा म्हणतो, आतली ठिणगीची गुंडाळी नवी बसवू द्या, नव्याने ओतलेले भाग चालू द्या. नवख्याला उसनी होडी द्या, आधी एकट्याला फेऱ्या मारू द्या, मग शर्यतीत घ्या. अमेरिकन पॉवर बोट असोसिएशनने लहान मुलांचा वर्ग ठेवलाच आहे. त्यात नऊ वर्षांचे पोरही उतरू शकते. मग तिशीतल्या माणसालाच दार बंद का?

माझे मत दुसऱ्या तटाकडे झुकते. ही यंत्रे जन्मलीच मुळी सामान्य माणसाचे वल्हे सुटावे म्हणून. त्यांच्या स्क्रूंचे सोवळे पाळून माणसेच दूर ठेवली, तर स्क्रू राहतील आणि खेळ जाईल. आपल्या तालमीतही वस्ताद नव्या पोराला आधी लाल मातीत लोळू देतो. डाव नंतर शिकवतो.

दुपारी पाहिले. नुसता बघायला आलेला एक तरुण मोटार-मेकॅनिक एका आजोबांच्या जादा होडीत गुडघे टेकून बसला. आजोबांनी चाकाला दोरी गुंडाळून हिसडा दिला. चौथ्या हिसड्याला इंजिन बोलले. पोराने तीन फेऱ्या मारल्या. वळणावर बावरला, बाहेर फेकला गेला नाही एवढेच. काठाला लागला तेव्हा दात थंडीने वाजत होते आणि तरीही तो हसत होता.

“कसे वाटले?” असे आजोबांनी विचारले नाही. ओली दोरी त्याच्या हातात देत ते म्हणाले, “आता तू गुंडाळ. मी बघतो.”