तेल गेलं कुठी?

जयंतीच्या कार्यक्रमासाठी रविवारी सकाळी 90 मैलांचा प्रवास करायचा होता, आणि शुक्रवारी संध्याकाळी कामावरून न्यू जर्सीतील घरी परतताना गाडीच्या डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकला. वर्तुळात उद्गारचिन्ह. वळण घेतले की पेटे, सरळ रस्त्यावर विझे. घराच्या दारी येईपर्यंत तो कायमचा पेटला. हँडब्रेक तर पूर्ण खाली होता.

संगणक अभियंत्याने जे करावे तेच मी आधी केले. अमेरिकेत 1996 पासूनच्या मोटारींत स्टिअरिंगखाली निदानासाठी एक सॉकेट असते; त्यात स्कॅनर लावला. एकही त्रुटी दिसेना. आमच्या जुन्या गाडीत हा दिवा दोन साध्या स्विचवर चालतो, हे नंतर उमगले. एक स्विच हँडब्रेकच्या दांड्यापाशी, दुसरा ब्रेक ऑइलच्या डबीत. डबीतला चुंबक बसवलेला फ्लोट तेलाबरोबर खाली गेला की दिवा पेटतो. वळणावर तेल हिंदकळत होते, म्हणून लुकलुकणे.

शनिवारी सकाळी बॉनेट उघडले. तेल किमान रेषेच्या खाली होते. झाकणावर ‘डॉट 3’ असे लिहिलेले. तीच बाटली आणली. ओतणार इतक्यात बाबांचा आठवड्याचा व्हिडिओ कॉल आला. आमच्याकडे सकाळचे नऊ, अकोल्यात संध्याकाळचे साडेसहा.

“जयभीम बाबा. ब्रेक ऑइल कमी झालंय, टाकतोय.”

बाबांनी चेहरा फोनच्या अगदी जवळ आणला. “टाकाच्या आधी सांग, थे तेल गेलं कुठी?”

अकोल्यातील एका गॅरेजात बाबांची 26 वर्षे गेली. जीप, मेटॅडोर, पुढे पुढे डिस्क ब्रेकच्या गाड्या. काम मिस्त्रीचे, पगार हेल्परचा. ज्यांना तिथे मिस्त्री म्हणत, ते अडले की बाबांना गाडीखाली पाठवीत आणि गिऱ्हाइकाशी स्वतः बोलत. बाबांचा पाण्याचा पेला वेगळा होता, हे मला आईने सांगितले; बाबांनी कधीच नाही. संध्याकाळी ते रॉकेलने हात धूत. मी जवळ गेलो की म्हणत, “पान्याले हात लावू नको, पुस्तक धर.” मी पुस्तक धरले, एम.एस. झालो. महाविद्यालयात असताना त्यांच्या नखांतील काळ्या रेषांची मला लाज वाटे, हे आजवर कोणाला सांगितले नव्हते. जात ही श्रमाबरोबर श्रमिकांचीही विभागणी करते, हे बाबासाहेबांनी 1936 साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडले. आपण ते व्यासपीठावरून सांगतो. पण हाताने काम करणारा खालचा, ही उतरंड आपल्याही दिवाणखान्यात येऊन बसली आहे. त्या सकाळपर्यंत मी बाबांना त्यांच्या कामाविषयी एकही प्रश्न विचारला नव्हता.

“कुठे जातं तेल?” मी विचारले.

“एक तर गळते, नाही तर पॅड घासते.” पॅड झिजले की कॅलिपरमधला पिस्टन तितका बाहेर सरकतो आणि त्याच्यामागची वाढलेली जागा तेल भरून काढते. म्हणजे डबीतले तेल नाहीसे होत नाही, चाकापाशी जाऊन बसते. गळती असेल तर गोष्ट वेगळी. बाबांनी इंजिन चालू करून पेडल दाबून धरायला लावले. ते हळूहळू खाली बसू लागले असते, तर गाडी जागची हलवायची नव्हती. पेडल घट्ट राहिले. चारही चाकांची आतली बाजू कोरडी, जमिनीवर डाग नाही.

स्पोक्समधून पाहिले तर पॅड बरे दिसत होते. मी तसे म्हटले. “बाहेरचा दिसते. आतला कोण पाहीन?”

मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवली. केवळ जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही, हे बाबांनी तीनदा बजावले. उजवे चाक काढले. बाहेरचा पॅड साधारण पाच मिलिमीटर, आतला जेमतेम दीड. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांतली एक गंजून अडकली होती. त्यामुळे सगळा भार आतल्या पॅडवर येत होता. दोन आठवडे हे चाक सकाळी किंचाळत असे, आणि मी गाण्याचा आवाज वाढवीत असे. मागच्या सीटवर मुलगी बसलेली असे.

पुढचे काम चार तासांचे. सराईताला दीड लागले असते. दोन्ही बाजूंचे पॅड जोडीने बदलायचे. कॅलिपर रबरी नळीवर लोंबू द्यायचा नाही, तारेने टांगायचा. पिन घासून पुसून ब्रेकचे सिलिकॉन ग्रीस लावायचे. डबीचे झाकण सैल करून सी-क्लॅम्पने पिस्टन सावकाश मागे दाबायचा. तो मागे जाऊ लागला तसे डबीतले तेल चढू लागले आणि कमाल रेषेजवळ येऊन थांबले. बाटलीचे सीलही मी तोडले नव्हते. सकाळी ओतले असते तर आता तेल बाहेर सांडले असते, आणि ते गाडीचा रंग खाते.

दिवा विझला. तरी बाबांनी कॉल तोडला नाही. “पेडल मार.” पहिल्या दाबाला ते थेट तळाशी गेले, माझ्या पोटात गोळा आला. सात-आठ दाबांनंतर ते कडक झाले. मग आमच्या गल्लीत बैलगाडीच्या वेगाने दोन फेऱ्या. अकोल्यात तोवर मध्यरात्र व्हायला आली होती. आई मागून जेवणासाठी ओरडत होती, आणि बाबा तिला सांगत होते, “थांब ना वं, गाडी खोलली आहे.”

चाकांचे नट थोडे अंतर चालल्यावर पुन्हा तपासायचे, ही त्यांची शेवटची सूचना. रविवारी सभागृहाच्या पार्किंगमध्ये, पांढऱ्या सदऱ्यात, मी टॉर्क रेंच काढला. येणारेजाणारे जयभीम घालून पुढे जात होते. एकाने एखादा मेकॅनिक सुचवू का, असे आस्थेने विचारले. नट घट्ट होते. बाहीला मात्र काळा डाग पडला. मी त्याचा फोटो बाबांना पाठवला.

उत्तर लगेच आले: “तिकडं रॉकेल भेटते का?”