हसनाबादेहून असईकडे

मराठवाडा पाहावयास निघालेले बहुतेक लोक वेरूळ-अजिंठ्याकडे वळतात. जालना जिल्ह्यांतील भोकरदन तालुक्याकडे, राजूरच्या गणपतीचे भाविक सोडले तर, सहसा कोणी फिरकत नाहीं. आम्ही गेल्या भाद्रपदांत या तालुक्यांतील हसनाबादेस मुक्काम केला व तेथून भोकरदनवरून असई गांठली. वाटेंत काळी जमीन आणि कपाशीचीं शेतें. केळणा व जुई या दोन नद्यांच्या बेचक्यांत असई वसली आहे.

येथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं आर्थर वेलस्लीनें दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. केळणेच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर गांवें दिसतात, त्या अर्थीं मध्यें उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून त्यानें नदी ओलांडली. त्याचे सुमारें १,६०० लोक मेले वा जखमी झाले. पण नदीकांठीं उभें राहून आम्हांस प्रश्न पडला तो निराळाच: इंग्रज येथें आले कोणत्या हक्कानें?

त्यांचें उत्तर तयार होतें: पेशव्यांनीं बोलाविलें म्हणून! २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरास यशवंतराव होळकरांनीं पेशव्यांच्या फौजेचा मोड केला. दुसऱ्या बाजीरावांनीं वसई गांठली व ३१ डिसेंबरला तह केला. कायमची तैनाती फौज घेतली, तिच्या खर्चास सव्वीस लक्षांचा मुलूख तोडून दिला. परंतु हडपसरास पेशव्यांच्या बाजूनें लढले होते ते शिंदेच! मारणारे होळकर, मदत मागणारे पेशवे, आणि तरवार पडली शिंद्यांवर. शिंदे-भोसल्यांचीं सैन्यें निजामाच्या सरहद्दीवर जमलीं, म्हणून आमच्या मित्रास धोका आहे, असें इंग्रजांचें म्हणणें. पण युद्ध पुकारलें तेव्हां हल्ला झालेला नव्हता.

आजचा कायदा लावून पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेचें ५१ वें कलम सशस्त्र हल्ला झालेल्या राष्ट्रास स्वसंरक्षणाचा, व इतरांस त्याच्या साहाय्यास जाण्याचा हक्क मान्य करतें. मात्र योजलेले उपाय सुरक्षा परिषदेस तत्काळ कळविले पाहिजेत. निकाराग्वाच्या खटल्यांत हेगच्या न्यायालयानें १९८६ सालीं स्पष्ट केलें कीं, हल्ला झाल्याचें पीडितानेंच सांगावें व मदतही त्यानेंच मागावी. तिसऱ्यानें तें आपण होऊन ठरवूं नये. होळकर पेशव्यांचेच सरदार, म्हणजे तंटा घरचा. तो बाजूस ठेविला तरी शिंद्यांनीं कोणावर हल्ला केला होता? या कसोटीस असई उतरत नाहीं.

कौटिल्यानें षाड्गुण्यांत संश्रय सांगितला खरा. पण शत्रूशीं युद्ध जुंपलेलें नसतां बलिष्ठाची संगत राजांस मोठा दोष होय, असेंही बजाविलें. बाजीरावांवर तसा प्रसंग आला होता, हें मान्य. परंतु शत्रु गेल्यावर मदतनीस परत केव्हां जाणार, हें तहांत नव्हतें. १८१८ सालीं पेशवाईच गेली. भाऊबंदकींत शेजाऱ्यास घरांत घेणारानें त्याच्या येण्याची वाट पाहण्याआधीं जाण्याची वाट मोकळी ठेवावी, हें राजांस लागू आहे, तसेंच तुम्हां-आम्हांसही.