परवान्याची खोली

राजधानीत बसण्याजोगा बार कोठे आहे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक राजधान्यांत पायी फिरून शोधता येत असावे. मुंबईत ते लोकलच्या वेळापत्रकात शोधावे लागते, निदान आमच्यासारख्यांना. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून उल्हासनगर ५८ किलोमीटर, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८. राज्याच्या फायली ज्यांच्या टेबलांवरून पुढे सरकतात (किंवा सरकत नाहीत) त्यांतले पुष्कळजण रोज संध्याकाळी हे अंतर उभ्याने कापतात. त्यांनी प्यावे कोठे, आणि त्याहून अवघड म्हणजे बसावे कोठे, हा विषय आम्ही चौघांनी गेली वीसेक वर्षे पुरेशा गांभीर्याने हाताळला आहे.

चौघे म्हणजे एक मंत्रालयात नोकरीला, एक अंबरनाथच्या कारखान्यात पाळ्या करणारा, एक उल्हासनगरातल्या कापडाच्या पेढीवर हिशेब लिहिणारा आणि एक बदलापूरच्या शाळेत मराठी शिकवणारी. यांतले लिहिणारे कोण, याला महत्त्व नाही. लिहिताना चौघांनीही ढवळाढवळ केलेली आहे.

सुरुवात आम्ही राजधानीतूनच केली. काळ्या घोड्याजवळच्या ज्या वेसाइड इनमध्ये अरुण कोलटकर तासन्‌तास बसत, ते आम्ही शोधू लागेपर्यंत बंद झाले होते. कुलाब्याचे माँडेगर पाहिले. भिंतीवरची मारिओ मिरांडांची माणसे आमच्यापेक्षा निवांत होती. गोकुळला गेलो, फोर्टातल्या इराण्याकडे गेलो. जागा वाईट नव्हत्या. काही तर फारच चांगल्या होत्या. मंत्रालयातल्या मित्राला तिथे ओळखीचे चेहरे भेटत आणि शेजारच्या टेबलांवरून बदल्या, खातेवाटप, कोणत्या सचिवाचे कोणाशी पटत नाही, अशी राजधानीची खरी बातमीपत्रे ऐकू येत. पण साडेनऊ-दहा वाजले की आमच्या टेबलावर पाचवा माणूस येऊन बसे, तो म्हणजे घड्याळ. कर्जतकडे जाणारी शेवटची लोकल मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात सुटते. ती चुकली की पहाटेपर्यंत फलाट. दोनदा चुकवली, आणि दुसऱ्या वेळी पहाटे चारला फलाटावर चहा पिताना आमच्या मैत्रिणीने ठराव मांडला की ज्या बारमधून चालत घरी जाता येत नाही, तो आपला नव्हे. ठराव एकमताने संमत झाला.

तेव्हा आपल्या गावांकडे वळणे आले. इथे ‘बार’ या शब्दाला कोणी फारसे विचारत नाही. पाटीवर असते ते ‘परमिट रूम’. हा शब्द आम्ही इतका सहज वापरतो की त्यात एक संपूर्ण राजकीय इतिहास बसला आहे, हे विसरायला होते. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. १९५० पासून राज्यात सरसकट दारूबंदी आली आणि तिच्यामागे मोरारजी देसाईंचा निग्रह होता. मद्य बाळगायचे आणि प्यायचे तर परवाना हवा, आणि त्या परवान्याचे एक मान्य कारण म्हणजे प्रकृतीचे जतन! वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना साठच्या दशकात ही पकड सैल झाली. कायदा मात्र राहिला. आजही महाराष्ट्रात पिणाऱ्याने परवाना घेणे अपेक्षित आहे. एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, आजन्मही मिळतो. आम्हाला आजवर एकाही वेटरने तो मागितलेला नाही. तरी खोलीचे नाव परवान्याचेच. जिथे पिण्याआधी राज्याची क्षमा मागितलेली असते अशी ही खोली. तिचे दिवे मंद आणि काचा काळ्या का, हे आम्हाला त्या नावावरूनच उमगले.

योगायोग असा की, ज्या वर्षी हा कायदा झाला त्याच १९४९ साली कल्याणच्या लष्करी छावणीचे नाव बदलून उल्हासनगर झाले. फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे युद्धकाळातल्या बराकींत राहत होती. पत्ता आजही ‘कॅम्प नंबर’नेच सांगतात. उल्हासनगरात कोणाच्याही घरी गेलात तर पाण्याबरोबर पापड समोर येतो, आणि तिथल्या बारमध्ये ही घरची रीत तशीच उचललेली दिसे; मेन्यूकार्डाच्या आधी पापड. कॅम्पातल्या एका बुटक्या छपराच्या खोलीत आम्ही दोन वर्षे जात होतो. गल्ल्यावरच्या साईंना आमच्या पेयांपेक्षा आमच्या वादांत रस असे. त्यांच्या मुलाने खोलीत मोठा दूरदर्शन संच लावला आणि आमचा संवाद संपला.

अंबरनाथची तऱ्हा वेगळी. शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे शिवमंदिर आणि विसाव्या शतकातले कारखाने यांच्यामध्ये हे गाव उभे आहे. पिण्याच्या वेळा इथे वर्षानुवर्षे भोंग्याने ठरवल्या. रात्रपाळी करून सकाळी सुटणाऱ्याची संध्याकाळ सकाळीच होते, हे मध्यमवर्गीय नीतीला समजायला कठीण जाते. कारखान्यातल्या मित्राने आम्हाला ते समजावले. अकरा वाजता, उन्हात, देशी दारूच्या दुकानाच्या पडद्याआड उभ्याउभ्या ग्लास रिकामा करून निघणारे लोक त्याने दाखवले. त्यांना बसायची जागा नको होती, झोप हवी होती. बदलापुरात पावसाळी गर्दीसाठी उघडलेल्या जागा जास्त. कोंडेश्वर आणि बारवीच्या वाटेने येणारे लोक चार महिने त्या भरून टाकतात. उरलेले आठ महिने तिथे वेटर आणि डास.

आमच्या अपेक्षा फार नव्हत्या. शेजारच्याला ऐकू न जाता बोलता यावे. संगीत नसावे. (२००५ च्या डान्सबारबंदीनंतर ‘ऑर्केस्ट्रा’ नावाने जे सुरू झाले, त्यात बोलणे अशक्यच होते, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी अवैध ठरवली, तोवर आमचे कान शहाणे झाले होते.) चखण्यातले शेंगदाणे खवट नसावेत. आणि चौथी अट, जी आम्हा तिघांना सुचलीच नव्हती: आमच्या मैत्रिणीला बसता यावे. परमिट रूममध्ये बाई दिसली की वेटर अदबीने वरच्या मजल्यावरचा ‘फॅमिली हॉल’ दाखवतो. तिथे लाकडी कप्पे, पडदे, एसीचे वेगळे दर. तिचे म्हणणे, ‘मी तुमची फॅमिली नाही, मला खाली बसायचंय.’ एके ठिकाणी मालकांनी समजूत घातली, ‘मॅडम, तुमच्याच सोयीसाठी आहे.’ तिने विचारले की सोय तिची की खालच्यांची. उत्तर आले नाही. आम्ही उठलो. अशा रीतीने आम्ही किती जागांवरून उठलो, याचा हिशेब हिशेबनिसाने ठेवला होता: अकरा.

बारावी जागा टिकली. कोणत्या गावात ते सांगत नाही. तीन गावांपैकी एकात, स्टेशनपासून सात मिनिटांवर. तळमजला, आठ टेबले, भिंतीवर कुणा गिऱ्हाइकाने दिलेले जुने कॅलेंडर. पाटीवर तेव्हा एका किल्ल्याचे नाव होते. जानेवारी २०२२ मध्ये मद्यविक्रीच्या ठिकाणांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावे देऊ नयेत असा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, त्यानंतर किल्ला जाऊन एक फूल आले. पहिल्या दिवशी आमची मैत्रीण आत शिरली, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली, आणि वेटरने वर बोट न दाखवता तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. बस. तिसऱ्या शनिवारी त्याने आम्हाला काही विचारलेच नाही. प्रत्येकाचे जे-ते आपोआप आले: एकाची बिअर, दोघांची व्हिस्की, एकीची रम आणि गरम पाणी. ‘नेहमीचंच ना?’ हा त्याचा प्रश्नही हळूहळू गळाला. आम्ही एकमेकांना सांगत असू की चांगल्या बारचे लक्षण ते हेच. इथे मागावे लागत नाही.

त्या टेबलावर आम्ही दहा वर्षे काढली. २०१४ च्या आसपास हिशेबनीस बिलाचा हिशेब करीनासा झाला. त्याआधी तो पापडाचे पैसेसुद्धा चार भागांत वाटत असे. आता तो ‘राहू दे, मी देतो’ म्हणू लागला, आणि आम्हाला त्याचा मोठेपणा वाटला. आम्ही पोहोचण्याआधी त्याची एक क्वार्टर गल्ल्याशी उभ्यानेच झालेली असे, हे वेटरला ठाऊक होते. आम्हाला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याचा मोह होतो. ते खरे नाही. आम्ही पाहत होतो आणि चर्चा करीत होतो. विषय एकदा ‘एकच प्याला’चाही निघाला. गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकात तळीरामाचे ‘आर्य मदिरा मंडळ’ आहे, आणि त्यावर आम्ही हसहसून बोललो. मंडळ म्हणजे कोण, हे त्या टेबलावर कोणाच्या ध्यानात आले नाही. सिंधूची बाजू घ्यायला तिथे कोणी नव्हते. ती घरी होती.

शेवटी त्याच्या पत्नीनेच पाऊल उचलले. पुण्याचे मुक्तांगण १९८६ साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून सुरू केले. मराठी वाचकाला त्याची गोष्ट अवचटांच्या लेखनातून परिचित आहे. आम्हीही ती वाचली होती, कौतुकाने, साहित्य म्हणून. आमचा मित्र तिथे राहून परतला तेव्हा आमच्यापाशी त्याला विचारण्याजोगा एकही प्रश्न नव्हता.

आणि मग पहिला शनिवार आला. कोठे भेटायचे? आमच्या गावांत रात्री आठनंतर चार माणसांनी दोन तास बसून बोलावे अशा जागा मोजून पाहाव्यात. वाचनालय बंद. बाग बंद. उडुप्याकडे डोसा संपला की बिल येते. चहाच्या टपरीवर दहा मिनिटे, तीही उभ्याने. घरे आमची दोन खोल्यांची, मुले अभ्यासाला बसलेली. राजधानीने आम्हाला झोपायला जागा दिली आणि बसायची द्यायची विसरली. मित्र म्हणाला, ‘तिथेच जाऊ. मी लिंबू सोडा घेईन.’ त्याला तिथे अशा जागा टाळायला शिकवलेले होते. आम्हाला हे माहीत होते. तरी गेलो.

कोपऱ्यातले टेबल रिकामे होते. वेटरला आम्हाला पाहून झालेला आनंद खरा होता. तो आत गेला आणि चार महिन्यांनी आलेल्या गिऱ्हाइकाचा मान म्हणून काही न विचारता चारही ग्लास घेऊन आला. मित्राच्या पुढ्यात त्याची व्हिस्की, तेवढाच बर्फ, सोड्याची बाटली डाव्या हाताला. बाटली डावीकडे, कारण मित्र डावखुरा. हे त्या माणसाने दहा वर्षांत टिपले होते आणि चार महिन्यांत विसरला नव्हता.

कोणी काही बोलले नाही. मित्र ग्लासाकडे पाहत राहिला. किती वेळ, ते प्रत्येकजण वेगळे सांगतो. मग मैत्रिणीने तो ग्लास उचलून आपल्याकडे ओढला आणि तीच रडू लागली. वेटर धावत आला. त्याने सर्वांचे चेहरे पाहिले, ट्रे पुढे केला, चारही ग्लास परत नेले आणि चार लिंबू सोडे आणले. बिलात फक्त तेच होते. मित्र त्या रात्री प्यायला नाही. घरी जाऊन पत्नीला सारे सांगितले, आणि तिने आम्हाला फोनवर जे सुनावले ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्यात चुकीचे काही नव्हते.

त्यानंतर आम्ही तिकडे चौघांनी गेलो नाही. तिघांनी दोनदा जाऊन पाहिले; जमेना. मित्राचे बरे चालले आहे. मध्ये एकदा घसरला, पुन्हा सावरला. भेटी मात्र विरळ होत गेल्या, याचे खापर आम्ही अंतरावर, पाळ्यांवर, मेगाब्लॉकवर फोडत आलो.

१४ जुलै २०२५ रोजी करवाढीच्या निषेधार्थ राज्यभरातले बार आणि परमिट रूम बंद होते. सोमवार होता. मंत्रालयातल्या मित्राने सकाळीच संदेश पाठवला: आज कोठेही बसलो तरी धोका नाही. आम्ही हसलो, आणि खरेच भेटलो. तिन्ही गावांत फिरायचा बेत होता, पण पावसाने फलाटावरच अडकवले. पास सगळ्यांकडे होते. शेवटच्या बाकावर बसलो, शेंगदाण्याच्या पुड्या घेतल्या. हिशेबनिसाने चाळीस रुपयांचे चार भाग केले आणि दहा-दहा रुपये प्रत्येकाकडून घेतले.

साडेनऊच्या सुमारास एक गृहस्थ पिशवी घेऊन समोरून गेले, थबकले आणि परत आले. आम्हाला ओळख पटायला वेळ लागला, कारण ट्यूबलाइटच्या उजेडात त्यांना आम्ही कधी पाहिलेच नव्हते. केस बरेच पिकले होते. आज सुट्टी, म्हणून कल्याणला मेव्हण्याकडे जाऊन आलो, असे ते म्हणाले. बाकावर जागा केली, ते बसले. पुडी पुढे केली तेव्हा त्यांनी आधी मित्राकडे पाहिले, मग दोन दाणे उचलले. मुलांच्या शिकवण्या, पाऊस, गाड्यांचा उशीर, असे बराच वेळ बोलणे झाले. इतक्या वर्षांत त्यांचे नाव आम्ही विचारले नव्हते. ते त्या रात्री विचारले. कर्जत गाडी आली आणि गेली, आणि आम्ही पाचहीजण तिथेच होतो.